विषय : घरचे पाहुणे

सीलताई प्रत्येक मीटरमध्ये फुंकर मारायच्या. मीटर म्हणजे पाण्याचं, घरोघरी नळाच्या पाइपाला बसवतात ते. पितळी, मुठीपेक्षा थोडं मोठं. आत एक चक्री, तिच्यावर दातेरी चाकं, वर आकड्यांची तबकडी आणि तबकडीवर काच. दहा बेंचवरून हातोहात जुळत जुळत, पाणी सोडून एकदा तपासलं जाऊन, ते अकराव्या बेंचवर सीलताईंकडे यायचं. त्या ते तोंडाशी धरून फुंकर मारायच्या, लगेच कानाशी न्यायच्या, मग भोकातून तार ओवून तारेच्या टोकाला शिशाचा मणी अडकवायच्या आणि पक्कडीनं कचकन दाबायच्या. मण्यावर कारखान्याचा शिक्का उमटायचा. ते सील. एकदा सील बसलं की मीटर उघडायला बंदी. त्यामुळे त्याच्या पोटात काय चाललंय हे कळायची शेवटची संधी सीलताईंची होती, आणि त्या ती वाया घालवत नसत.

हे मला आज माहीत आहे. मी त्यांना पाहिलं तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की ही बाई जागेवर बसत नाही आणि हिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, व्यवस्थापनशास्त्राच्या एका प्राध्यापकांची मदतनीस. सर नावाजलेले होते. माणसं कामाच्या वेळात खरोखर किती काम करतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मीटरच्या कारखान्याच्या मॅनेजरला माल वाढवून हवा होता, सरांना आकडे हवे होते, आणि दहा दिवस उभं राहायला कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी मी.

पद्धत सोपी होती. मागच्या भिंतीजवळ खडूनं एक चौकोन आखला होता, त्यात उभं राहायचं. दर दहा मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ वाजलं की अकराही बेंचवर नजर फिरवायची आणि त्या क्षणी जे दिसेल ते एका अक्षरात लिहायचं. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडून एकेका बेंचच्या दिवसाला चाळीस खुणा, दहा दिवसांच्या चारशे. निरीक्षकानं बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, कुणात मिसळायचं नाही.

सरांनी अक्षरं दोनच दिली होती. काम चालू असेल तर ‘क’, नसेल तर ‘न’. तिसरं अक्षर माझं. मला हुशारी दाखवायची हौस भारी. मी म्हटलं, ‘‘सर, काम करत नाहीत ते दोन प्रकारचे असतात. नुसते बसलेले आणि गप्पा मारणारे. गप्पांना वेगळं अक्षर देऊ या का? ग?’’ सर खूश झाले. दोन वरिष्ठांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली आणि वर सांगितलं, की प्रत्येक ‘ग’पुढे गप्पा कुणाशी आणि कशाबद्दल तेही दोन शब्दांत लिहीत जा. मी त्या दिवशी घरी जवळजवळ नाचत गेले. त्या एका अक्षराचं कौतुक मी पुढं बरीच वर्षं मिरवलं, म्हणून आधीच सांगून टाकते की ते माझं होतं. सरांच्या माथी मारायची सोय नाही.

माझा चौकोन सीलताईंच्या बेंचपासून दोन हातांवर होता. पहिल्याच दिवशी तासाभरात त्यांनी बेंचखालून एक स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

‘‘उभी काय राहिलीस? पाय काय उसने आणलेत?’’

‘‘बसायची परवानगी नाही, ताई.’’

‘‘कुणाची?’’

‘‘आमच्या सरांची.’’

‘‘ते कुठायत?’’

‘‘कॉलेजात.’’

‘‘उभे का बसलेले?’’

मला हसू फुटलं. सर त्या वेळी फिरत्या खुर्चीत असणार हे मला नक्की माहीत होतं. घड्याळ वाजलं. मी घाईनं चेहरा सरळ केला, वही उघडली आणि अकरा अक्षरं लिहिली. मग स्टुलावर बसले.

बोलायचं नाही हा नियमही तिथंच मोडला, कारण सीलताईंपुढे मिठाची गुळणी धरून बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. हात चालू असताना त्या बोलायच्या, पण मला काही नीट दाखवायचं असलं की हातातली पक्कड खाली ठेवायच्या. ‘‘हे ऐक,’’ म्हणून एक मीटर फुंकर मारून माझ्या कानाला लावायच्या. आतली चक्री भुर्रकन फिरून हळूहळू थांबायची. ‘‘आता हे.’’ दुसऱ्याची चक्रीही तशीच फिरायची, फक्त थांबताना किंचित अडखळायची. मला चार दिवस फरक कळला नाही. पाचव्या दिवशी कळला तेव्हा त्यांनी फोरमनना हाक मारून सांगितलं, ‘‘पोरीला कान आहेत हो! उगाच कॉलेजात वाया चाललीय.’’ माझी आई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. तेही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. रोज सकाळी पहिला प्रश्न तोच, आईनं रात्री काय खाल्लं? त्यांचे मिस्टर पोस्टमन होते, एका गुडघ्यानं अधू, तरी वाटपावर जायचे. मुलगी शाळेत. ती शाळेत बडबड करते म्हणून बाई सारख्या चिठ्ठ्या पाठवतात, हे सीलताई कौतुकानं सांगायच्या.

मात्र त्यांचं मुख्य लक्षण म्हणजे फिरणं. अर्धा-पाऊण तास काम केलं की त्या उठायच्या, अॅप्रनच्या मोठ्या खिशात हात घालायच्या आणि रमतगमत बेंचांमधून निघायच्या. तबकडी बसवणाऱ्या काकांपाशी थांबायच्या. चक्रीवाल्या वहिनींच्या खांद्यावर हात टेकून काहीतरी कुजबुजायच्या. माझ्या कानावर तुकडे यायचे.

‘‘काका, तुमच्याकडे पाहुणा आलाय.’’

‘‘पुन्हा? परवाच गेला की एक.’’

‘‘काय करणार, तुमच्या हातची माया! दुपारपर्यंत पाठवा परत. मुक्कामाला ठेवू नका.’’

काका हसायचे, सीलताई हसायच्या, आणि पाच-सात मिनिटांनी परत जागेवर. मी वहीत लिहायची : ग. तबकडीवाले. विषय : घरचे पाहुणे. दुसऱ्या दिवशी वहिनींकडे दोन पाहुणे. तिसऱ्या दिवशी पुन्हा काकांकडे. मला वाटायचं, केवढा हा गोतावळा, आणि बाईला सगळ्यांच्या घरच्या चौकशा कशाला?

दहा दिवस संपले. सीलताईंच्या चारशे खुणांत एकशे बावन्न ‘ग’ निघाले. अडतीस टक्के. बाकीच्या दहा बेंचांत कुणी पंधराच्या वर नव्हतं. सरांनी तीस टक्क्यांवर रेघ मारली होती. रेघेच्या वर जो बेंच जाईल त्याची जागा बदलावी, अशी शिफारस. वर एकच बेंच होता. अहवालात वाक्य आलं : ‘अंतिम बेंचवरील संभाषण अनुत्पादक असून त्याचे विषय मुख्यतः घरगुती (पाहुण्यांचे येणे-जाणे इ.) आहेत.’ सर ते वाचून म्हणाले, ‘‘या बाईकडे रोज पाहुणे! घर आहे की धर्मशाळा?’’ खोलीतले सगळे हसले. मीही हसले. कबूल करायला लाज वाटते, पण सगळ्यांत जास्त मीच हसले असेन.

अकरावा बेंच गोदामाशेजारच्या खोलीत गेला. मधल्या भिंतीला काच होती आणि काचेला एक खिडकी, त्यातून मीटर आत सरकवायचं. खराब मीटर सापडलं तर चिठ्ठी भरायची : कुठला बेंच, काय चूक. चिठ्ठी मॅनेजरकडे. आमचा लेख एका बऱ्या नियतकालिकात छापून आला. त्यात शेवटी छोट्या अक्षरांत का होईना माझंही नाव होतं.

दोन वर्षांनी सरांनी मला पुन्हा त्या कारखान्यात पाठवलं, परिणाम बघायला. काचेमागे एक अनोळखी बाई बसलेली होती. फोरमननी मला ओळखलं. वयस्क, सौम्य माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

‘‘सीलताई?’’

‘‘सोडून गेल्या. वर्ष होईल.’’

‘‘का?’’

‘‘पाहुणे बंद झाले ना, बाई.’’

मला कळलं नाही. मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. लाइनीवर खराब मीटरला पाहुणा म्हणत. शब्द सीलताईंचाच. आपल्या हातून सुटलेलं मीटर परत आपल्या दारात येतं, म्हणून पाहुणा. फुंकर मारून अडखळलेलं मीटर त्या अॅप्रनच्या खिशात टाकायच्या, ज्याच्या हातची चूक असेल त्याच्याकडे गप्पा मारत जायच्या आणि बेंचखाली ठेवून यायच्या. चारचौघांत हसं नाही, कागद नाही, साहेब नाही. तो माणूस दुपारपर्यंत दुरुस्त करून द्यायचा, आणि चूक पुन्हा होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून काम करायचा, कारण सीलताईंपुढे मान खाली जायला नको.

‘‘बेंच हलवला त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी लाइनीसमोर वाचून दाखवलं,’’ फोरमन म्हणाले. ‘‘अडतीस टक्के गप्पा. ताई उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, हे त्या पोरीनं लिहिलं का? साहेब म्हणाले, आकड्यांनी लिहिलंय.’’

पुढचं मला थोडं रजिस्टरमधून, थोडं फोरमनकडून कळलं. चिठ्ठ्यांचे गठ्ठे झाले होते. तबकडीवाल्या काकांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा लेखी ताकीद मिळाली, पाठोपाठ दुसरी. चिठ्ठीवर सही सीलताईंची. चिठ्ठी न भरणं त्यांच्या हातात नव्हतं, पण सही दिसत होती. काकांनी बोलणं टाकलं, मग वहिनींनी, मग एकेक करत सगळ्यांनी. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन बाहेर यायच्या आणि आपल्याच माणसांच्या टेबलाशी जागा नाही म्हणून परत काचेमागे जायच्या. वर्षभर त्यांनी ते सोसलं. मग राजीनामा लिहून दिला.

मी पडलेल्या चेहऱ्यानं सरांना सगळं सांगितलं. सर मात्र खुलले. ‘‘म्हणजे आधी चुका लपवल्या जात होत्या, आता त्या दिसतात! हे तर आपल्या अहवालाचं यश.’’ दुसरा लेख झाला. मी त्याला विरोध केला नाही. माझं घोडं पुढं दामटायचं होतं, मला नोकरी हवी होती, आणि ती मिळालीही.

वर्षं गेली. सर वारले. मी प्राध्यापक झाले आणि मग मला धीर आला. मी वर्गात पाहुण्याची गोष्ट सांगू लागले. आकडे घेण्याआधी माणसांची भाषा शिका, असा उपदेश शेवटी. मुलं हसायची, मग गंभीर व्हायची, तास संपल्यावर दोघं-तिघं येऊन सांगायची की मॅडम, हे आम्ही विसरणार नाही. त्या चुकीवर मी वीस वर्षं टाळ्या घेतल्या. गोष्टीत चूक ‘आमची’ असायची, म्हणजे थोडी सरांची, थोडी पद्धतीची, थोडी त्या काळाची. सीलताईंना शोधायचं मात्र मला एकदाही सुचलं नाही. खरं तर सुचायचं आणि मी ते टाळायची.

गेल्या महिन्यात विभागाची इमारत बदलली. कपाट रिकामं करताना तळाशी ती वही सापडली. हसत हसतच उघडली. म्हटलं, पाहुण्यांची पानं विद्यार्थ्यांना दाखवू. अकराव्या बेंचचा रकाना वाचत गेले. ग, तबकडीवाले, पाहुणे. ग, चक्रीवाल्या वहिनी, पाहुणे. त्याखाली माझ्याच बारीक अक्षरात : ग, माझ्याशी, स्टूल.

मी पान उलटलं. ग, माझ्याशी, चक्रीचा आवाज. ग, माझ्याशी, आईची तब्येत. ग, माझ्याशी, मुलीची शाळा. ग, माझ्याशी, चक्रीचा आवाज पुन्हा.

मी जमिनीवर बसूनच मोजलं. एकशे बावन्नांपैकी सदुसष्ट पाहुण्यांचे होते. अठ्ठेचाळीस माझे. घड्याळ वाजलं त्या क्षणी त्या माझ्याशी बोलत होत्या, म्हणून मी इमानेइतबारे ‘ग’ लिहिला होता. त्यांनी सरकवलेल्या स्टुलावर बसून, त्यांच्याच विरुद्ध. ते अठ्ठेचाळीस काढले तर एकशे चार उरतात. चारशेत एकशे चार म्हणजे सव्वीस टक्के. रेघ तीसची होती.

पाहुण्यांचं कोडं कुणालाही फसवू शकलं असतं. यात मात्र कोडं नव्हतंच. कुणाशी बोलल्या ते मी स्वतः लिहिलं होतं. त्या माझ्याशी बोलल्या नसत्या, मला उभंच राहू दिलं असतं, तर त्यांचा बेंच जागच्या जागी राहिला असता.

फोरमन थकलेत, पण त्यांच्याकडे पत्ता होता. सीलताई मुलीकडे राहतात. मुलीचा दप्तरं शिवायचा व्यवसाय आहे, पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं, भिंतीशी कापडाचे तागे आणि दाराजवळ तयार दप्तरांची चळत. दार मुलीनंच उघडलं. मी कुणाकडे आलेय ते सांगितलं.

‘‘या ना. आई तिकडे बसलीय, पण ती फारसं बोलणार नाही हं,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘बरी आहे अगदी. फक्त हातात काम असलं की बोलत नाही. पहिल्यापासूनच. आम्हाला लहानपणी वाटायचं चिडलीय. स्वयंपाक करतानाही गप्प. मी काही सांगायला गेले की म्हणायची, कामात बोलू नये, बोललेलं मोजतात.’’

एवढं सांगून ती मशिनवर गेली.

खिडकीशी सीलताई बसल्या होत्या. केस पार पांढरे. मांडीवर दप्तरांच्या चेनींची गुंडाळी, हातात पक्कड. चेनीला रनर ओवायचा, टोकाला पत्र्याचा तुकडा बसवायचा, कचकन दाबायचा. हात तेच होते. मी समोर उभी राहिले. काय बोलायचं ते येताना तीनदा पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. त्यांनी मान वर केली, बराच वेळ पाहिलं, आणि पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसले. मग सगळं सांगितलं. पाहुणे, चिठ्ठ्या, वर्गातली गोष्ट, कपाटातली वही. अठ्ठेचाळीसचा आकडा सांगितला. सव्वीस आणि तीसही सांगितले. माफ करा म्हटलं. त्या शब्दानं काही होत नाही हे माहीत होतं, पण दुसरा शब्द माझ्याजवळ नव्हता.

त्यांची पक्कड थांबली होती.

‘‘माझं तुझ्याशी बोलणं,’’ त्यांनी विचारलं, ‘‘तेही लिहायला त्या सरांनीच सांगितलं होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मीच लिहिलं.’’

त्यांनी मान हलवली. रागानं नाही. हिशेब लागला म्हणून हलवतात तशी. ‘‘आई बरी झाली होती का तुझी?’’

‘‘नाही, ताई. त्याच महिन्यात गेली.’’

‘‘अगं,’’ त्या म्हणाल्या. एवढंच. मग पुढची चेन घेतली, रनर ओवला, पत्रा बसवला, दाबला. पुन्हा पुढची. मी वाट पाहत राहिले. त्या काहीतरी बोलतील, ओरडतील, चिडवतील, उभी काय राहिलीस म्हणतील. मी तिथं पाऊण तास बसले होते. त्या पाऊण तासात त्या पुन्हा एक शब्दही बोलल्या नाहीत.

शेवटी उठले, नमस्कार केला आणि निघाले. दारात चपला घालत असताना मशीन थांबलं आणि आतून मुलीचा आवाज आला.

‘‘कोण होत्या गं, आई?’’

‘‘पाहुणा,’’ सीलताई म्हणाल्या, आणि पक्कडीचा आवाज पुन्हा सुरू झाला.